दंडावरचं डेझिग्नेशन

हॅम्बर्गचा शनिवारचा जुना बाजार, कीलची खाडी आणि दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन खलाशांच्या बाहीवरचे छोटेसे लाल पॅच. जगभरातले हौशी संग्राहक ज्यांच्यामागे वेडे झालेत, त्या पॅचेसच्या गावात एक चक्कर.

ऑफिसात शिरताना तुमच्या गळ्यात आयडी कार्ड असतं. त्यावर फोटो, नाव आणि खाली बारीक अक्षरात डेझिग्नेशन. लिफ्टमध्ये भेटलेला माणूस आधी काय वाचतो? नाव? छे! त्याची नजर थेट खालच्या ओळीवर जाते. असिस्टंट मॅनेजर की सीनियर एक्झिक्युटिव्ह, सपोर्ट की डेव्हलपमेंट. त्यावरून तो ठरवतो, तुमच्याशी हसायचं की नुसती मान हलवायची.

आता कल्पना करा, की हे डेझिग्नेशन गळ्यात नाही, डाव्या दंडावर शिवलंय. अक्षरं नाहीत, फक्त एक चित्र. दातेरी चाक म्हणजे इंजिनवाला. वीज म्हणजे वायरलेसवाला. पाणबुड्याचं हेल्मेट म्हणजे डायव्हर. १९३५ ते १९४५ या दहा वर्षांत जर्मन नौदलात, म्हणजे क्रीग्समरीनमध्ये, नेमकं हेच होतं. आणि त्या वेळचे हे सुपारीएवढे, फार तर पुरीएवढे कापडी पॅच आज जगभरातले लोक गोळा करतात. काही जण आयुष्यभर!

ऐकायला विचित्र वाटतं ना? मलाही वाटलं होतं. पण एका मासिकासाठी ‘छंद आणि शहरं’ अशी मालिका करायची ठरली, हॅम्बर्गला कॉलेजची मैत्रीण राहतेच, आणि तिच्या घरी फुकट राहायची सोय होती. फ्रीलान्सरला आणखी काय हवं?

पिवळं म्हणजे खातं, लाल म्हणजे कोर्स

आधी बेसिक फंडा समजून घेऊ. साध्या खलाशाच्या डाव्या दंडावर दोन प्रकारची चिन्हं असायची. पहिलं त्याच्या खात्याचं, म्हणजे करिअर ब्रँचचं. गडद निळ्या लोकरी कापडावर सोनेरी-पिवळ्या धाग्यानं केलेलं भरतकाम. डेकवरच्या खलाशाला पाच टोकांचा तारा, इंजिनवाल्याला दातेरी चाक, वायरलेसवाल्याला वीज, सिग्नलवाल्याला एकमेकांवर तिरके ठेवलेले दोन झेंडे. दवाखान्यातल्याला काठीला वेढलेला साप, कारकुनाला पिसाच्या दोन लेखण्या आणि बँडवाल्याला लायर नावाचं तंतुवाद्य. वरच्या हुद्द्यावर गेला की हेच चिन्ह नांगरावर बसायचं.

दुसरी चिन्हं लाल धाग्याची. हीच खरी ‘स्पेशालिस्ट’ भानगड. खात्यात भरती झाल्यावर वेगळा कोर्स केला, खास कौशल्य मिळवलं, तर हा लाल पॅच पहिल्या चिन्हाच्या खाली लागायचा. टॉर्पेडोचा कोर्स केला तर लाल टॉर्पेडो. डायव्हर झाला तर लाल हेल्मेट. इंजिनाचं पुढचं शिक्षण घेतलं तर लाल दातेरी चाक. काही पॅचवर चिन्हाखाली ‘व्ही’सारख्या रेघा दिसतात. जितका वरचा कोर्स, तितक्या जास्त रेघा. थोडक्यात, आपण सर्टिफिकेशन झालं की सीव्हीमध्ये एक ओळ वाढवतो, तसंच!

उन्हाळ्याचा पांढरा युनिफॉर्म असेल तर त्याच चिन्हांचा पांढऱ्या कापडावरचा जोड. म्हणजे एकाच चिन्हाचे निळे, पांढरे, मशीननं भरलेले, विणलेले असे कितीतरी प्रकार. संग्राहकाला वेड लावायला एवढं पुरेसं आहे.

आणखी एक गोष्ट. युद्धाआधी खलाशाच्या टोपीच्या रिबनवर त्याच्या जहाजाचं नाव असायचं. युद्ध सुरू झाल्यावर गुप्ततेसाठी ती नावं गेली आणि सगळ्यांच्या टोपीवर एकच शब्द आला, ‘क्रीग्समरीन’. म्हणजे कुठल्या जहाजावरचा, ते कळायचं बंद झालं. माणसाबद्दल काहीतरी सांगणारी एकच जागा उरली, ती म्हणजे बाही.

शनिवार सकाळ, फ्लोशान्त्से

हॅम्बर्गमध्ये दर शनिवारी कारोलिनेनफियर्टेल या भागात, गुरांच्या जुन्या कत्तलखान्याच्या आवारात जुना बाजार भरतो. नाव फ्लोशान्त्से. आपल्या पुण्याच्या जुन्या बाजाराची आठवण यावी असा पसारा. फरक एवढाच, की इथं शेजारी चहाच्या टपरीऐवजी कॉफीची गाडी आणि भाव करताना कुणी आवाज चढवत नाही. जुने कॅमेरे, चिनीमातीचे कप, लेदर जॅकेट, ग्रामोफोनच्या तबकड्या, कुणाच्या तरी आजीचे लग्नातले चमचे. मुंबईच्या चोरबाजारात रमणाऱ्यांनी दोन तास हातचे ठेवून यावं.

तिथं एका टोकाला सत्तरीचे एक आजोबा टेबल मांडून बसले होते. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणि डब्यात ते पॅच. नुसते पडलेले, बटणांबरोबर. शेजारी काचेच्या पेटीत काही बिल्ले होते आणि प्रत्येक बिल्ल्याच्या मधोमध कागदी चिकटपट्टीचा छोटा तुकडा.

चिकटपट्टी कशाला? मैत्रिणीनं कानात सांगितलं, खाली स्वस्तिक आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे नाझी चिन्हं जाहीरपणे दाखवणं हा गुन्हा आहे. दंड होतो किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. इतिहास, शिक्षण, संशोधन, कला यांना सवलत आहे, पण बाजारातलं टेबल म्हणजे काही म्युझियम नव्हे. म्हणून विक्रेते झाकतात. आपल्या दारावरच्या रांगोळीत, वहीच्या पहिल्या पानावर, नव्या गाडीच्या बॉनेटवर जे चिन्ह आपण कौतुकानं काढतो, त्याचा तिरका भाऊ इथं चिकटपट्टीखाली असतो. पहिल्यांदा पाहताना पोटात कसंतरी होतं.

डब्यातल्या पॅचना मात्र चिकटपट्टी नव्हती. कारण त्यांच्यावर झाकण्यासारखं काहीच नव्हतं. चाक, वीज, झेंडे, हेल्मेट. मी लाल चाकाचा एक पॅच उचलला. कडेला सुईची भोकं होती, निळं कापड थोडं विटलेलं. आजोबा मैत्रिणीकडे बघून काहीतरी म्हणाले. तिनं भाषांतर केलं, ‘‘ते म्हणतायत, ही नोकरी आहे. राजकारण नाही.’’

पंचवीस युरो. मी घेतला.

खरं, खोटं आणि चहात बुडवलेलं

या छंदातली अर्धी मजा आणि अख्खी डोकेदुखी म्हणजे अस्सल ओळखणं. शौर्यपदकांच्या मानानं हे पॅच स्वस्त, म्हणून नवशिके इथून सुरुवात करतात. आणि नवशिके जिथं, तिथं नकली माल आलाच. सिनेमावाले आणि जुन्या लढायांचे प्रयोग करणारे हौशी गट यांच्यासाठी नव्यानं बनवलेले पॅच मिळतात. ते विकणारा ‘हे नवीन आहे’ असं सरळ सांगून विकतो. पण दोन हात बदलले की तोच पॅच चहाच्या पाण्यात बुडतो, उन्हात वाळतो आणि ‘आजोबांच्या पेटीतला’ होऊन बाजारात येतो.

मुरलेले संग्राहक काय करतात? आधी पॅच उलटा करतात. पुढून सगळेच छान दिसतात, खरी गोष्ट पाठीमागे. युद्धकाळातल्या मशीन भरतकामाच्या मागे बऱ्याचदा जाळीदार पातळ कापडाचं अस्तर दिसतं, धाग्यांची टोकं दिसतात. विणलेल्या प्रकाराला संग्राहकांच्या भाषेत ‘बेवो’ म्हणतात. वुपरटालच्या एका रिबिन विणणाऱ्या कारखान्याचं हे नाव, पण आता झेरॉक्ससारखं झालंय. कुणीही विणलेलं असो, बेवोच!

मग येतो अल्ट्राव्हायलेट दिवा. डिस्कोमध्ये पांढरा शर्ट चमकतो ना, तोच प्रकार. युद्धानंतरच्या कित्येक कृत्रिम धाग्यांत आणि कपडे धुण्याच्या पावडरींत चमक आणणारी रसायनं असतात. त्या दिव्याखाली धागा लख्ख निळा-पांढरा पेटला, तर संशय घ्यायचा. पण निकाल लगेच द्यायचा नाही. अस्सल पॅच कुणी नंतर पावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो. आणि चमकला नाही म्हणून तो अस्सलच, असंही नाही. दुसरी परीक्षा जळण्याची. सुटलेल्या धाग्याचं टोक पेटवलं की लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि राख होते. नायलॉन वितळून त्याची गोळी होते.

तिसरा घोळ सगळ्यांत मोठा. युद्ध संपलं तरी नौदलं संपली नाहीत. १९५६ मध्ये पश्चिम जर्मनीचं नवं नौदल उभं राहिलं. पूर्व जर्मनीचंही वेगळं होतं, फोक्समरीन नावाचं, जे १९९० मध्ये देशाबरोबरच विसर्जित झालं. इंजिन ते इंजिन आणि वायरलेस ते वायरलेस! त्यामुळे चिन्हंही सारखीच राहिली. साठच्या दशकातलं चाक ‘वॉरटाइम’ म्हणून विकलं जातं आणि पहिल्यांदा घेणारा खूश होऊन घरी जातो.

यातली एक गंमत मात्र मला नंतर बोचायला लागली. बाजारात फिरणारे खूपसे अस्सल पॅच कधी शिवलेच गेले नव्हते. गोदामात राहिलेला साठा. एकदम कोरे, कडक. संग्राहकांची भाषा वापरायची तर ‘मिंट’. आणि अशांना जास्त मान. म्हणजे ज्या पॅचमागे कधी माणूसच नव्हता, तो उत्तम. सुईची भोकं असलेला, घाम लागलेला, विटलेला, तो दुय्यम.

कील : खाडी, क्रेन आणि आपले दोन पाहुणे

हॅम्बर्गहून उत्तरेला ट्रेननं सव्वा तासाच्या आसपास कील. स्टेशनमधून बाहेर पडलं की पाच मिनिटांत पाणी. जहाजं इतकी जवळ, की एखादी फेरी प्लॅटफॉर्म तीनवर लागेल की काय असं वाटतं. दर जूनमध्ये इथं कीलर वोखे नावाचा शिडाच्या बोटींचा प्रचंड उत्सव होतो. त्याची सुरुवात १८८२ मधली. १९३६ आणि १९७२ या दोन्ही ऑलिम्पिकच्या नौकाशर्यती इथल्याच पाण्यात झाल्या. शहर मात्र नवं दिसतं, कारण जुनं शहर युद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत जवळजवळ संपलं.

स्टेशनजवळच्या धक्क्यावरून लाबोला जाणारी फेरी पकडायची. तासाभराचा प्रवास आणि भन्नाट व्ह्यू. उजव्या हाताला जहाज बांधणीच्या कारखान्याच्या अवाढव्य क्रेन दिसतात. इथं मराठी माणसानं जरा ताठ बसावं. भारतीय नौदलाच्या ‘शिशुमार’ आणि ‘शंकुश’ या पाणबुड्या याच यार्डात बांधल्या गेल्या आणि १९८६ मध्ये नौदलात दाखल झाल्या. त्याच जातीच्या पुढच्या दोन, ‘शल्की’ आणि ‘शंकुल’, आपल्या माझगाव डॉकमध्ये तयार झाल्या. डॉकयार्ड रोड स्टेशनवर उतरणाऱ्या कित्येकांच्या घरात कीलचं नाव त्यामुळे ऐकलेलं असणार.

दुसरा पाहुणा त्याहून मोठा. फेब्रुवारी १९४३ मध्ये याच बंदरातून यू-१८० ही जर्मन पाणबुडी निघाली. तिच्यात दोन भारतीय होते : सुभाषचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी आबिद हसन. सुमारे अडीच महिने पाण्याखालून आणि पाण्यावरून आफ्रिकेला वळसा घालून त्यांनी मादागास्करजवळचा समुद्र गाठला. एप्रिलच्या शेवटी, खवळलेल्या समुद्रात रबरी तराफ्यावरून ते जपानच्या आय-२९ या पाणबुडीवर गेले. शाळेच्या पुस्तकात हे दोन ओळींत संपतं. पण अडीच महिने ती बोट चालवली कुणी? डिझेल इंजिनापाशी उभ्या राहिलेल्यांनी, वायरलेसचे इअरफोन कानाला लावून बसलेल्यांनी. बंदरात ज्यांच्या बाहीवर चाक आणि वीज असायची, त्या माणसांनी. पुढे ऑगस्ट १९४४ मध्ये ही यू-१८० फ्रान्सच्या पश्चिमेला, बिस्केच्या उपसागरात, सगळ्या खलाशांसह बुडाली.

आणखी एक योगायोग. १९१८ च्या ऑक्टोबरअखेर जर्मन आरमाराला शेवटच्या, हरलेल्या लढाईवर पाठवायचं ठरलं, तेव्हा बॉयलरवाल्या खलाशांनी भट्ट्या विझवल्या. ठिणगी कीलला पोचली आणि काही दिवसांत कैसरची गादी गेली. मुंबईत १८ फेब्रुवारी १९४६ ला नाविकांचं बंड सुरू झालं ते ‘तलवार’वर, म्हणजे सिग्नल आणि वायरलेस शिकवणाऱ्या केंद्रात. कुठं भट्टीवाले, कुठं सिग्नलवाले. डेझिग्नेशन छोटं असतं, पण जहाज त्याच्याच हातात असतं.

६७ मीटर लांब पोलादी नळी

लाबो हे टिपिकल समुद्रकाठचं गाव. वाळू, आइस्क्रीम, वेताच्या झाकलेल्या खुर्च्या, कुत्र्यांना फिरवणारी कुटुंबं. आणि किनाऱ्यावरच, वाळूत ठेवलेली, यू-९९५. हॅम्बर्गला बांधलेली, १९४३ मध्ये दाखल झालेली पाणबुडी. युद्धानंतर ती नॉर्वेकडे गेली, त्यांच्या नौदलात राहिली, मग एक मार्क अशा नाममात्र किमतीला जर्मनीत परत आली. १९७२ पासून ती इथं म्युझियम आहे.

आत शिरलात की पहिल्यांदा डोकं आपटतं. मग कोपर. ६७ मीटर लांबीच्या या नळीत पंचेचाळीस-पन्नास माणसं आठवडेच्या आठवडे राहायची. टॉर्पेडोवाले टॉर्पेडोंच्या शेजारी झोपायचे. टॉयलेट दोन, पण सफरीच्या सुरुवातीला त्यातल्या एकात धान्य-भाज्या भरलेल्या. कॅप्टनला केबिन नाही, फक्त एक पडदा. त्याच्यासमोर कपाटाएवढी वायरलेसची खोली. मुंबईत वन रूम किचनमध्ये वाढलेल्यांनाही इथं गुदमरायला होतं.

डिझेल इंजिनांच्या मधल्या अरुंद वाटेत मी थांबले. पर्समध्ये ते लाल चाक होतं. पण ते चाक इथं कधी आलंच नसणार. सफरीवर खलाशी कामाचे कळकट कपडे घालायचे, चामड्याचे, तेलाचे डाग पडलेले. बाहीवर चिन्ह असलेला निळा गणवेश बंदरातला, सुट्टीतला, फोटो स्टुडिओतला. पॅच जमिनीवर राहायचा आणि माणूस पाण्यात जायचा. म्हणून तर पॅच शिल्लक आहेत. जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारे चाळीस हजार माणसांपैकी तीस हजार परत आली नाहीत. चारातली तीन! त्यांतली कित्येक पोरं आपल्या एफवाय-एसवायच्या वयाची.

पाणबुडीसमोरच लाबोचं नौदल स्मारक आहे. समुद्रसपाटीपासून ८५ मीटर उंचीवर जाणारा, जहाजाच्या नाळेसारखा वळलेला मनोरा. त्याची सुरुवात १९२७ मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या खलाशांसाठी झाली. उद्घाटन १९३६ मध्ये, हिटलरच्या उपस्थितीत. आज ते समुद्रात गेलेल्या सगळ्या देशांच्या खलाशांचं स्मारक आहे. एकाच इमारतीचा अर्थ किती वेळा बदलू शकतो, ते वरच्या गच्चीवर वारा खात उभं राहून विचार करण्यासारखं आहे.

डावी बाही, उजवी छाती

परतीच्या फेरीवर मैत्रिणीनं विचारलं, ‘‘काय करणार आहेस त्याचं?’’

‘‘फ्रेम करीन. डेस्कवर मस्त दिसेल.’’

‘‘माझ्या घरात आज रात्री तो बॅगेतच राहू दे,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या ऑफिसात ज्यांच्याबरोबर मी जेवते ना, त्यांच्यासमोर हा कौतुकानं काढू शकशील का? सांग.’’

मी म्हटलं, पण यावर स्वस्तिक कुठाय? आजोबाच म्हणाले, ही नोकरी आहे.

ती हसली नाही. तिनं फोनवर एका खलाशाचा जुना फोटो काढून दाखवला. डाव्या दंडावर चिन्ह होतं. आणि उजव्या छातीवर गरुड, पंजात स्वस्तिक. प्रत्येक खलाशाच्या ब्लाऊजवर असायचा तसाच. चाक आणि गरुड यांच्यात जेमतेम एक वीत अंतर. कुणीतरी कात्री घेऊन चाक कापून काढलं, गरुड मागे राहिला. म्हणून डब्यातल्या पॅचला चिकटपट्टी लागत नाही. ती कात्रीनंच आधी लावलेली असते.

‘नौदल स्वच्छ होतं, घाण दुसऱ्यांनी केली’ ही समजूत जर्मनीत खूप वर्षं चालली. पण लाटव्हियातल्या लिएपाया बंदरात १९४१ च्या उन्हाळ्यात ज्यू पुरुषांना गोळ्या घातल्या जात होत्या, तेव्हा तो प्रकार बघायला नौदलाची माणसं गर्दी करून उभी होती. त्यांतल्याच राइनहार्ड वीनर नावाच्या एकानं आपल्या हातातल्या कॅमेऱ्यानं तो चित्रितही केला. ती फिल्म आजही आहे. यू-९९५ जिथं बांधली गेली, त्या हॅम्बर्गच्या ब्लोम उंड फॉस कारखान्यात युद्धाच्या अखेरीस नॉयनगामे छळछावणीचे कैदी राबत होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नौदलप्रमुख रेडरला जन्मठेप आणि त्यानंतरच्या डोनित्झला दहा वर्षांची कैद झाली. म्हणजे नोकरी होतीच. पण कुणाची, हाही प्रश्न होता.

वाटेत म्योल्टनऑर्टला फेरी थांबते. आम्ही उतरलो. इथं पाणबुडीवाल्यांचं स्मारक आहे. उंच खांबावर पंख पसरलेला गरुड आणि खाली पाण्याकडे तोंड केलेल्या भिंतीवर ब्राँझच्या पाट्या. त्यांवर बोटींप्रमाणे लावलेली नावं. दोन्ही महायुद्धांची मिळून पस्तीस हजारांहून जास्त. यू-१८० शोधायला वेळ लागला नाही. ही ती माणसं, ज्यांनी नेताजींना नेलं. त्यांच्यापैकी कोण गरुडावर मनापासून खूश होता आणि कोण नुसता पगारी, हे पाटी सांगत नाही. पॅचही सांगत नाही.

मैत्रीण पाटीजवळ उभी होती. म्हणाली, ‘‘हे मला चालतं. कारण इथं पूर्ण लिहिलंय. कोण, कुठली बोट, कधी. तुझ्या फ्रेममध्ये काय लिहिणार आहेस?’’

प्रश्न बरोबर होता. हॅम्बर्गला २००८ मध्ये सुरू झालेलं आंतरराष्ट्रीय सागरी म्युझियम आम्ही आधीच्या दिवशी पाहिलं होतं. एका जुन्या गोदामात, तब्बल दहा मजल्यांवर. ते उभं आहे पेटर टाम या एका माणसाच्या खासगी संग्रहावर. उघडण्याआधी शहरात त्यावरून केवढा वाद झाला! तक्रार नौदलाच्या गणवेश-शस्त्रांबद्दल होती, त्याहून जास्त ती कशी मांडलीत याबद्दल. आठवणीनं मांडलीत की मिरवायला? वस्तू तीच. शेजारचा कागद काय सांगतो, यावर सगळं ठरतं.

म्हणून माझं लाल चाक डेस्कवर नाही. ते एका लिफाफ्यात आहे आणि लिफाफ्यावर मी मराठीतच लिहिलंय : ‘जर्मन नौदल, नाझी राजवट. डावी बाही. इंजिनाचा कोर्स. वापरलेला, सुईची भोकं आहेत. माणसाचं नाव नाही. याच गणवेशाच्या उजव्या छातीवर गरुड आणि स्वस्तिक होतं. हॅम्बर्गच्या बाजारात घेतला, पंचवीस युरो.’ कुणी घरी आलं आणि विचारलं तर दाखवते. लिफाफ्यासकट.

जाणार असाल तर...

• कधी जाल : फ्लोशान्त्से शनिवारी भरतो. सकाळी लवकर जा, चांगला माल दुपारपर्यंत संपतो. कीलला जूनअखेर गेलात तर कीलर वोखे मिळेल, पण हॉटेलं खिसा रिकामा करतात.

• कसं फिराल : हॅम्बर्ग ते कील ट्रेन, पुढे स्टेशनजवळच्या धक्क्यावरून फेरी. म्योल्टनऑर्ट आणि लाबो एकाच दिवसात आरामात होतात. वाऱ्यासाठी जॅकेट हवंच, उन्हाळ्यातसुद्धा.

• घेणार असाल तर : आधी पॅच उलटा करून बघा. खिशातला छोटा यूव्ही टॉर्च उपयोगी पडतो, पण त्यावर एकट्यावर विसंबू नका. विक्रेत्याला ‘कुठून मिळाला’ हे विचारा आणि तो सांगेल ते तिथंच लिहून ठेवा.

• हे टाळा : चिकटपट्टी काढून फोटो काढणं, नाझी चिन्ह असलेली वस्तू अंगावर किंवा बॅगेवर लावणं. गंमत म्हणूनसुद्धा नाही. तिथं तो गुन्हा आहे, आणि समोरच्या माणसाच्या घरातलं कोण त्या काळात गेलं, हे त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं.

• हे चुकवू नका : यू-९९५ च्या डिझेल इंजिनांमधली अरुंद वाट. गर्दी नसेल तर दोन मिनिटं तिथं थांबा.